नाव बदलले तरी फाइल तीच

फाइलचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या फोल्डरात हलवली, तर तिच्या गुणधर्मांचे काय व्हावे? एक पक्ष म्हणतो, नाव बदलणे हाही फाइलमधला बदलच, तेव्हा तारीखही ताजी व्हावी. दुसरा म्हणतो, फाइल ज्या फोल्डरात गेली तिथलेच सगळे तिने घ्यावे. पहिला पक्ष साफ चुकतो. दुसऱ्याच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे.

सारंगखेड्यात तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा विकला जातो, तेव्हा मालक बदलतो, तबेला बदलतो आणि कधी नावही बदलते. पण घेणारा नाव विचारण्याआधी जबडा उघडून दात पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो. सौद्याने वय बदलत नाही. फाइलच्या तारखाही याच जातीच्या आहेत.

मजकुराला शेवटचा हात कधी लागला, एवढेच बदलाची तारीख सांगते. युनिक्समध्ये तर नाव फाइलपाशी नसतेच. ते फोल्डरच्या यादीत असते आणि यादीतली नोंद आयनोडकडे, म्हणजे फाइलची माहिती जिथे ठेवलेली असते त्या नोंदीकडे, नेते. नाव बदलले की यादी बदलते, म्हणून फोल्डरची तारीख पुढे सरकते. मजकुराची तारीख जागची हलत नाही आणि हेच योग्य आहे. बॅकअपला नाव बदलल्याचे कळणार कसे, हा आक्षेपही टिकत नाही. आयनोडमधल्या बदलाची वेळ वेगळी ठेवलेली असते आणि लिनक्सवरच्या प्रचलित फाइल सिस्टिम नाव बदलतानाही ती नोंदवतात. त्यासाठी मजकुराची तारीख खोटी करायचे कारण नाही.

विंडोजमधली एक सोय मात्र उलट बाजूची वाटते. फाइल पुसून 15 सेकंदांच्या आत त्याच फोल्डरात त्याच नावाची फाइल आली, तर जुन्या फाइलची निर्मितीची तारीख नवीला मिळते. म्हणजे ओळख नावाशी बांधली गेली का? नाही. अनेक प्रोग्रॅम तात्पुरती फाइल लिहितात, मूळ फाइल पुसतात आणि तात्पुरतीला मूळ नाव देतात. वापरणाऱ्याच्या लेखी ती तीच फाइल असते. तिचा इतिहास तुटू नये म्हणूनच ही सोय केलेली आहे.

परवानग्यांचे तसे नाही. फाइल कोणी उघडावी हे पुष्कळदा जागेवरून ठरते, आणि दुसऱ्या पक्षातले तथ्य ते इथेच. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमचा मूळ नियम असा: त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या राखते, दुसऱ्या ड्राइव्हवर गेली तर तिथल्या फोल्डराच्या घेते. सगळ्यांना खुल्या फोल्डरातला पगारपत्रकाचा मसुदा त्याच ड्राइव्हवरच्या गोपनीय फोल्डरात टाकला, तर तो खुलाच राहू शकतो. टाकणाऱ्याला तो सुरक्षित झाला असे वाटत राहते. गोपनीयतेचा निर्णय ड्राइव्ह एक की दोन यावर सोडणे घातक आहे. फोल्डरकडून आलेल्या परवानग्या नव्या फोल्डराप्रमाणे बदलाव्यात. फाइलला मुद्दाम दिलेल्या परवानग्या राहाव्यात, आणि दोहोंत विरोध आला तर विचारावे.

ड्राइव्ह बदलताना फाइल खरे तर हलत नाहीच. तिची प्रत होते आणि मूळ पुसली जाते. यात्रेतले फोटो फॅट 32च्या पेनड्राइव्हवर हलवले, तर मालकी आणि परवानग्या ठेवायला तिथे जागाच नसते; बदलाची वेळही दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते. काय गळणार आहे हे मूळ प्रत पुसण्याआधीच पडद्यावर दिसायला हवे, कारण ती पुसल्यावर हरवलेला गुणधर्म परत मिळवायला काहीच उरत नाही.