वहीही हवी, अ‍ॅपही हवं

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर यादी टाकली की तारीख, वेळ, ठिकाण, संख्या जगभरच्या अभ्यासकांना मिळते. पण पक्षी कोणत्या ढोलीत शिरला, चोचीत काय होतं, हे सविस्तर उतरतं ते वहीतच. नोंदीची किंमत रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाला विचारा! ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी त्याच्या चोरलेल्या नमुन्यावर १९१४ सालची, गुजरातेतली खोटी चिठ्ठी लावली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, सहकाऱ्यांसह इतर नमुन्यांच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांचा माग काढला आणि १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्या शहाद्याजवळ तो पक्षी ११३ वर्षांनी पुन्हा सापडला. तेव्हा अ‍ॅपवर जरूर नोंदवा, पण जागेवरच वहीतही लिहा. आणि पाहिलेलं व नुसतं वाटलेलं यांची सरमिसळ तेवढी करू नका.