बेसबॉलची स्कॉलरशिप आणि आपली भाबडी गणितं

स्पष्टच लिहितो, कारण ट्रॅव्हल टीमचे चेक फाडायचा मोसम आलाय आणि आपल्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर परत तोच प्रश्न फिरतोय. "मुलगा अभ्यासात हुशार आहे, बेसबॉलही छान खेळतो. कुठल्या शोकेसला पाठवलं तर कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल?"

कुठल्याच नाही हो. हे स्वप्न तुम्हाला विकणाऱ्यांचं पोट त्यावर चालतं, म्हणून ते विकलं जातं.

आधी आकडे बघा. हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या शंभर पोरांपैकी सात-आठ जण एनसीएएच्या कुठल्या तरी कॉलेजात खेळतात. डिव्हिजन १ ला जेमतेम दोन-तीन. आणि तिथेही २०२४-२५ पर्यंत अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिपा होत्या. पस्तीस-चाळीस पोरांच्या टीममध्ये त्या तुकडे करून वाटायच्या. म्हणजे "फुल राइड" नावाची जी गोष्ट आपण मंडळाच्या पॉटलकला ऐकतो, ती बेसबॉलमध्ये जवळपास नव्हतीच. फुटबॉलचं ऐकायचं आणि बेसबॉलला चिकटवायचं, असा सगळा मामला.

"पण आता नियम बदललेत ना?" बदललेत. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची तडजोड कोर्टाने मंजूर केली. त्यात सामील झालेल्या कॉलेजांवरची स्कॉलरशिपची मर्यादा उठली आणि टीम ३४ खेळाडूंवर बांधली गेली. मर्यादा उठली म्हणून तिजोरी भरत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे तेच देणार. त्यात जागा कमी झाल्या. ट्रान्सफर पोर्टल उघडं असताना, बावीस वर्षांचा, दोन-तीन मोसम खेळून तयार झालेला पिचर समोर आहे आणि कोच तुमच्या सतरा वर्षांच्या, अजून मिशी न फुटलेल्या पोराला का घेईल? मेजर लीगचा ड्राफ्टसुद्धा २०१९ मध्ये ४० फेऱ्यांचा होता, २०२१ पासून २० चा आहे. पूर्वी जी पोरं प्रो व्हायला निघून जायची, त्यातली बरीच आता कॉलेजातच थांबतात. गर्दी वरून खाली सरकली आहे.

आता ज्या कॉलेजांची नावं घेताना आपली छाती फुगते त्यांच्याकडे या. आयव्हीची आठही कॉलेजं खेळासाठी एक डॉलर देत नाहीत. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, एमरी, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स ही सगळी बेसबॉलमध्ये डिव्हिजन ३, आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देणं नियमातच बसत नाही. पैसे मिळाले तर घरच्या उत्पन्नावर किंवा मार्कांवर. अ‍ॅमहर्स्ट-विल्यम्सकडे मार्कांवरही नाही, केस वेस्टर्न किंवा रोचेस्टरकडे मिळू शकतात. म्हणजे अभ्यासू पोराला पैसा मिळालाच तर तो वहीतून मिळणार आहे, बॅटमधून नाही.

मग बॅटचा उपयोग काय? प्रवेश. हार्वर्डवरच्या खटल्यात जे आकडे बाहेर आले, त्यात कोचने निवडलेल्या खेळाडूंचा प्रवेशाचा दर सुमारे ८६ टक्के होता. इतर पोरं शंभरात पाच-सहा आत जात होती तेव्हा! २०२३ मध्ये निकाल लागला, वंशाचा विचार बंद झाला, आणि खेळाडूंची वेगळी रांग होती तिथेच राहिली. आपल्यातले जे लोक तेव्हा "आता मेरिट आलं" म्हणून पेढे वाटत होते, त्यांना या रांगेबद्दल तोंड उघडताना मी ऐकलेलं नाही. मला ती रांग अन्याय्य वाटते. पण ती आहे, आणि नियमात बसते. तुमचा मुलगा खरंच तेवढा चांगला खेळत असेल तर त्याने तिथे उभं राहण्यात काही गैर नाही.

फक्त त्या रांगेत तिकीट काय लागतं ते समजून घ्या. अकरावी संपली की उन्हाळ्यात कोच मार्कशीट आणि एसएटीचे मार्क मागतो आणि अ‍ॅडमिशन ऑफिसकडे पाठवतो. याला प्री-रीड म्हणतात. तिथून हिरवा कंदील आला तरच पुढचं बोलणं. एमआयटीसारख्या ठिकाणी तर कोचचा शब्द शिफारशीपुरताच. आयव्हीत अकॅडमिक इंडेक्स असतो: खेळाडूंची सरासरी बाकी विद्यार्थ्यांपेक्षा फार खाली गेलेली चालत नाही. त्यामुळे उत्तम मार्कांचा शॉर्टस्टॉप कोचला दुहेरी कामाचा, कारण त्याच्या जोरावर कमी मार्कांचा एखादा पिचर आत घेता येतो.

आणि आपण काय करतो? नेमकं अकरावीचं वर्ष शनिवार-रविवारच्या टुर्नामेंटांत, विमानतळांवर आणि मोटेलांत घालवतो. केमिस्ट्रीचा पेपर गाडीच्या मागच्या सीटवर. कोपर दुखतंय तरी पिच करायचं, कारण स्पीडगनवर आकडा पाहिजे. जे तिकीट हातात होतं तेच फाडून टाकायचं, वर त्याचे हजारो डॉलर मोजायचे.

त्या "आमचं तुमच्याकडे लक्ष आहे, कॅम्पला या" छापाच्या ईमेलींचंही सांगतो. ती जाहिरात आहे. शेकडो पोरांना जाते, कॅम्पच्या फीमधून खर्च भागतो. खरा रस असलेला कोच मुलाला नावाने फोन करतो (डिव्हिजन १ ला अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून, त्याआधी परवानगी नाही), मार्कशीट मागतो, मॅच बघायला माणूस पाठवतो. तेवढं झालं तर जा कॅम्पला. नाहीतर दहा-पंधरा कॉलेजं निवडा, मुलाला स्वतः ईमेल लिहू द्या, सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ, जीपीए पहिल्याच ओळीत. बाबांनी लिहिलेली ईमेल कोचला लगेच ओळखू येते. त्यातली इंग्रजी फारच सुबक असते.

डिव्हिजन १ चा मान मोठा आहे, मान्य. पण तिथे ५६ मॅचेस, डिव्हिजन ३ ला ४०. इंजिनिअरिंगच्या लॅब दुपारी असतात आणि सरावही दुपारीच. कॅलटेकची टीम २०१३ मध्ये जिंकली ती सलग २२८ पराभवांनंतर. त्या पोरांचं शिक्षण काही बुडालं नाही.

प्री-रीड चांगलं आलं की मुलाने कोचला सरळ विचारावं, "अ‍ॅडमिशनमध्ये तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकणार का? माझ्या जागेवर अजून कोण आहे?" गोलमोल उत्तर आलं तर ते नाहीच समजा आणि दुसऱ्या कॉलेजला फोन लावा. हो म्हणाले तर बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात अर्ली डिसिजनचा अर्ज भरायला सांगतील. तो बंधनकारक असतो. त्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर नवरा-बायकोने एकत्र बसून भरा.