आधी भिंत मोजा
सेलमध्ये प्रोजेक्टर आधी घरी येतो आणि मग तो ठेवायचा कुठे, यावर खल सुरू होतो. हे उलटं झालं. आधी भिंत मोजा. 100 इंची पडदा म्हणजे कर्ण 100 इंच; 16:9 मापात रुंदी साधारण सव्वासात फूट. माहितीपत्रकातला ‘थ्रो रेशो’ 1.5 असेल, तर रुंदीच्या दीडपट, म्हणजे जवळपास 11 फूट अंतर हवं. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढं अंतर काढायला गेलं की मध्ये हमखास पंखा येतो आणि नायिकेच्या चेहऱ्यावरून पाती फिरू लागतात. पंखा टाळायला यंत्र तिरकं ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात पिक्सेल वाया जातात, सबटायटल्स बोथट होतात, त्यापेक्षा लेन्स पडद्याच्या मध्यरेषेत आणावी. आणखी एक, प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. खोलीत पडदा मुळात जेवढा काळोखा, तेवढंच चित्रातलं काळं. म्हणून उजेडाच्या हॉलमध्ये करडा पडदा, अंधार होणाऱ्या खोलीत पांढरा मॅट. चकचकीत ऑइलपेंटची भिंत मात्र नकोच. बजेट तोकडं असेल, तर महागडा पडदा राहू द्या; आधी खिडक्यांना जाड पडदे लावा.