जर्नलातला वंशभेद

थिअरीच्या पेपरात वंशाची कल्पना बाद झाली. प्रात्यक्षिकाच्या जर्नलात मात्र तिला अजून दर वर्षी सही मिळते.

मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे प्रात्यक्षिक. हातात स्प्रेडिंग कॅलिपर, समोर वर्गमित्राचे डोके. भुवयांमधल्या उंचवट्यापासून डोक्यामागच्या सर्वांत लांबच्या बिंदूपर्यंत लांबी घ्यायची, मग दोन्ही कानांच्या वर सर्वाधिक रुंदी. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचे आणि आलेला आकडा कोष्टकात शोधायचा. डोके लांबट, मध्यम की रुंद? मग पाळी नाकाची. त्यानंतर डोळ्याची घडी, केसांचा पोत, कातडीचा रंग. जर्नलात निष्कर्ष उतरतो, सरांची सही होते, व्हायव्हा पार पडते, गुण मिळतात. ही वर्गवारी नेमकी कशासाठी केली, हे ना विद्यार्थी विचारतो, ना पुस्तिका सांगते.

आमचा आक्षेप त्या कॅलिपरला नाही. आक्षेप आहे तो शारीरिक मानवशास्त्राच्या प्राथमिक प्रात्यक्षिक पुस्तिकांना. अभ्यासक्रम बदलतात, पाठ्यपुस्तकांत नवी प्रकरणे येतात. पुस्तिका तेवढ्या जुन्याच पुस्तिकांवरून उतरत जातात. पाठ्यपुस्तक वाचून परीक्षेनंतर विसरता येते. जे हाताने केले, वहीत भरले आणि ज्याला गुण मिळाले, ते डोक्यात पक्के बसते. म्हणून या विषयातले सर्वांत दुर्लक्षित पुस्तकच सर्वांत घातक ठरू शकते.

या मोजमापांचा इतिहास पुस्तिकेत सहसा नसतो, म्हणून तो येथे सांगणे भाग आहे. डोक्याचा निर्देशांक स्वीडनच्या आंदर्स रेट्झियसने १८४०च्या दशकात रूढ केला, युरोपातल्या माणसांची प्रकारवारी लावण्यासाठी. भारतात नाकाचा निर्देशांक आणला हर्बर्ट रिस्ले या सनदी अधिकाऱ्याने. बंगालमधल्या जातीजमातींची मापे त्याने १८९१ साली प्रसिद्ध केली आणि जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो, असा दावा केला. हाच रिस्ले १९०१च्या जनगणनेचा आयुक्त झाला. पुढे १९३१च्या जनगणनेसाठी बी. एस. गुहा यांनी भारतीयांचे सहा वांशिक प्रकार मांडले. नेग्रिटो, प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड, मंगोलॉइड अशी ही नावे आजही स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये पाठ केली जातात. अर्थात, राज्यकर्त्यांनी माणसांची प्रतवारी लावायला वापरलेली फूटपट्टी आपण विज्ञानाचे उपकरण म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती देतो आणि ती कोणी, कशासाठी घडवली याचा उल्लेखही करत नाही.

अधिक लाजिरवाणी बाब अशी की, ही फूटपट्टी मोडीत काढण्याचे काम परक्या कोणी येऊन करायची गरज नव्हती. ते आपल्याच अभ्यासकांनी नव्वद वर्षांपूर्वी सुरू केले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्लेच्या आकडेवारीची फेरतपासणी १९३३ साली ‘संख्या’ या नियतकालिकात मांडली. मुंबई विद्यापीठाच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२च्या ग्रंथात हीच मापे प्रांतवार तपासली आणि संयुक्त प्रांताबाहेर जातीची उतरंड व शरीराची ठेवण यांचा रिस्लेने सांगितलेला मेळ बसत नाही, असे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या आपल्या ग्रंथात वंशवाद्यांना त्यांच्याच आकड्यांनी गप्प केले. ही मापे खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता.

आणि इरावती कर्वे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या, त्या ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत. ही संस्था पुढे नाझींच्या वंशधोरणाची वैज्ञानिक पाठराखण करणार होती. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध आहे, असे फिशर यांचे गृहीतक. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष मांडला. तोही मार्गदर्शकाच्या मर्जीविरुद्ध, परक्या देशात आणि परक्या भाषेत. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी मोजमाप सोडले नाही. वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या मापांचा ग्रंथ १९५१ साली काढला. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर १९६८ साली त्यांनी एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना प्रसिद्ध केली. एकच ‘ब्राह्मण’ नाव लावणारे गटदेखील जैविकदृष्ट्या एकसंध नाहीत, हे त्या तुलनेने समोर आणले. मोजमाप कसे करावे आणि त्यावरून काय म्हणू नये, याचा याहून चांगला धडा कोणता? पण आपल्या पुस्तिकेत कर्वे असल्याच तर प्रस्तावनेतल्या नमस्कारापुरत्या असतात. प्रात्यक्षिक रिस्लेचेच चालते.

जगातही चित्र केव्हाच पालटले आहे. फ्रांझ बोआस यांनी १९११ साली अमेरिकेतल्या सुमारे अठरा हजार स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मापे मांडली. परिस्थिती बदलली की डोक्याचा निर्देशांकही बदलतो, असे त्यांना दिसले. बदलाच्या प्रमाणावर पुढे वाद झाला. पण निर्देशांक म्हणजे वंशाचा अढळ शिक्का ही समजूत त्यानंतर सावरली नाही. युनेस्कोने १९५० साली वंशाविषयीचे पहिले निवेदन काढले. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ साली दाखवले की मानवी जनुकीय वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका जनसमूहाच्या आतच सापडतो. अमेरिकेतल्या शारीरिक मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ साली वंश ही मानवी जैविक वैविध्याची अचूक मांडणी नव्हे, असे निवेदनात सांगितले आणि पुढे स्वतःचे नावही बदलून ‘जैविक’ केले. आपला विद्यार्थी हे सारे थिअरीच्या पेपरात लिहितो आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शेजाऱ्याच्या डोळ्याची घडी पाहून रकाना भरतो. एकाच विभागात एकाच आठवड्यात दोन परस्परविरोधी गोष्टींना गुण मिळतात, हा शिक्षणाचा नव्हे, बेफिकिरीचा पुरावा आहे.

याची किंमत कोण मोजतो? जानेवारी २०१४ मध्ये निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच्या दिसण्याची टर उडवण्यावरून भांडण पेटले होते. ईशान्येतल्या नागरिकांच्या प्रश्नांसाठी त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. पुण्यात शिकणाऱ्या ईशान्येतल्या मुलामुलींनाही ‘चिनी’ ही हाक नवी नाही. रस्त्यावरची हेटाळणी पुस्तिकेतून जन्मते असे कोणी म्हणणार नाही. पण चेहऱ्यावरून माणसाचा ‘प्रकार’ सांगता येतो, या समजुतीला विद्यापीठाचा आधार मिळू नये, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे.

पुस्तिकेचा दुसरा दोष कमी दिसतो, पण तितकाच गंभीर आहे. ती माप घ्यायला सांगते. माप चुकते कसे, हे सांगत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डिन ग्लेसर यांनी १९५२ साली हाडांवरून उंची काढण्याची सूत्रे दिली. युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांची आणि एका अमेरिकी सांगाडासंग्रहाची हाडे हा त्यांचा आधार. ही सूत्रे जगभरच्या पुस्तिकांत गेली. नडगीचे हाड घोट्याच्या टोकासकट मोजावे, असे लेखी सूचनेत होते. १९९०च्या दशकात रिचर्ड जँट्झ आणि सहकाऱ्यांनी मूळ मापे तपासली, तेव्हा प्रत्यक्षात ते टोक वगळून मोजल्याचे उघड झाले. म्हणजे सूचनेबरहुकूम काम करणाऱ्या प्रत्येकाला उंची अडीच-तीन सेंटिमीटर जास्त मिळत होती. चाळीस वर्षे! बेवारस सांगाड्याची ओळख पटवताना एवढ्या फरकाने बेपत्ता व्यक्तींच्या यादीतले एखादे नाव गळू शकते. आपल्या पुस्तिका अशी सूत्रे छापतात तेव्हा ती कोणत्या देशातल्या, कोणत्या काळातल्या, कोणाच्या हाडांवरून काढली आणि मराठी मुलखातल्या माणसाला ती कितपत लागू पडतात, याची एक ओळ तरी सोबत असायला नको का?

मोजमाप निरुपयोगी आहे, असे यातून कोणी काढू नये. मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषित ठरते. फीत दोन-तीन मिलिमीटर सैल धरली की मूल यादीबाहेर. दोन वर्षांखालचे मूल आडवे ठेवून मोजायचे, त्यापुढचे उभे. ही पद्धत चुकली तर सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. हीच खरी मानवमिती आणि हिच्यात तरबेज माणसांची या राज्याला गरज आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मापे घ्यावीत, फरक काढावा, त्रुटीचे गणित मांडावे, असे प्रात्यक्षिक पहिल्याच सत्रात हवे. त्याऐवजी एकदा घेतलेले माप दशांशापर्यंत लिहून निष्कर्षाच्या रकान्यात वंश भरायला आपण शिकवत असू, तर आपण कौशल्य देत नाही, खोटा आत्मविश्वास देतो.

तिसरा मुद्दा कपाटातल्या हाडांचा. १९८५ साली बंदी येईपर्यंत भारत जगाला मानवी सांगाडे पुरवणारा प्रमुख देश होता आणि कोलकाता त्या व्यापाराचे केंद्र. जगभरच्या वर्गांत टांगलेले कित्येक सांगाडे इथल्या गरिबांचे आहेत. आपल्या प्रयोगशाळांतली हाडे कोणाची? १९४९च्या शरीरशास्त्र कायद्यान्वये बेवारस मृतदेह अध्यापनासाठी देता येतात. म्हणजे ज्यांच्यामागे कोणी नव्हते, त्यांची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाला, वंशांची तुलना करण्यासाठी कवट्या जमवणाऱ्या सॅम्युएल मॉर्टनच्या संग्रहाबद्दल २०२१ साली जाहीर माफी मागावी लागली. आपल्याकडे माफी दूरच, नोंदवहीही अनेकदा नसते. पुस्तिकेत कवटीवरचे बिंदू पाठ करून घेतले जातात. ती कवटी कोणाची आणि कोणाच्या परवानगीने आली, हे विचारायला शिकवले जात नाही. तोच प्रश्न जिवंत माणसाचा. वर्गात मोजून घ्यायला नाही म्हणण्याचा अधिकार विद्यार्थिनीला आहे, हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलेले हवे.

शिक्षक कमी, पैसा तोकडा, उपकरणे जुनी, ही सबब आम्हाला ठाऊक आहे आणि ती खोटीही नाही. पण पुस्तिका दुरुस्त करायला इमारत लागत नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या प्राध्यापकांनी ‘एक्स्प्लोरेशन्स’ हे मुक्त पाठ्यपुस्तक आणि त्याला जोडलेली प्रात्यक्षिक पुस्तिका सर्वांना मोफत दिली आहे. त्यांचा ढाचा घ्यावा, आशय आपला भरावा. त्यासाठी साहित्याची वाण नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन दफनांतल्या सांगाड्यांवर आणि दातांवर झालेले संशोधन आहे. तीन हजार वर्षांपूर्वीची शेती, आहार आणि आजार त्यातून वाचता येतात. हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनाकिया यांना सापडलेल्या नर्मदाकाठच्या कवटीची प्रतिकृती अभ्यासता येते. कर्वे-दांडेकरांची मापे आहेत. रिस्लेचेच आकडे विद्यार्थ्यांपुढे टाका आणि त्याचा सिद्धांत उभा राहतो का ते त्यांना तपासू द्या. याहून जिवंत प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठांचे अभ्यासक्रम सध्या नव्याने लिहिले जात आहेत. अभ्यास मंडळांची बैठक बहुधा पेपरांची नावे आणि श्रेयांकांची वाटणी यांतच संपते आणि प्रात्यक्षिकाच्या पानावर ‘पूर्ववत’ असा शेरा पडतो. या वेळी तो पडू देऊ नये. वांशिक प्रकाराचा रकाना काढून टाका. प्रत्येक मापासोबत त्रुटी, प्रत्येक सूत्रासोबत त्याचा उगम आणि प्रत्येक हाडासोबत त्याची नोंद सक्तीची करा. पुस्तिका मराठीतही काढा, म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी सूचना पाठ न करता समजून घेईल. हे एका सत्राचे काम आहे. ते टाळले, तर ज्या रिस्लेला महालनोबिस, घुर्ये, आंबेडकर आणि कर्वे यांनी आव्हान दिले, त्याच्या बाजूने दर वर्षी पहिल्या वर्षाची नवी तुकडी सही करत राहील आणि तिला ती सही करायला लावणारे आपणच असू.