गुन्हेगारांची यादी नंतर द्या

चौदा ऑगस्ट हा फाळणीच्या भीषणतेचा स्मृतिदिन म्हणून पाळायचा, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये ठरवले. २०२५ मध्ये एनसीईआरटीने सहावीपासून पुढच्या मुलांसाठी फाळणीवर खास पूरक साहित्यही काढले. त्यात जिना, काँग्रेस आणि माउंटबॅटन हे तीन गुन्हेगार. वाद पेटला तो काँग्रेसचे नाव घेतल्यावरून. अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या हाती आधी आरोपपत्रच का द्यायचे, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

दिल्लीतल्या तिघांनी काय केले, हे कळून गल्लीतल्या शेजाऱ्याने सुरा का उचलला, ते कळत नाही. ते भीष्म साहनींच्या ‘तमस’मध्ये कळते. कातडी कमावणाऱ्या नथूला पाच रुपये देऊन एक डुक्कर मारायला लावतात, गुरांच्या डॉक्टरला हवे आहे असे सांगून. पुढे ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. आपल्याच हातून हे घडले, या जाणिवेने नथू आतून पोखरत जातो. साहनी रावळपिंडीचे, पण कादंबरी सुचली ती १९७० च्या दंगलीनंतरची भिवंडी पाहून. त्यामुळे ‘ते सगळे पंजाबातले’ म्हणून महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हात झटकता येणार नाहीत. १९८८ मध्ये दूरदर्शनवरची ‘तमस’ मालिका थांबवा, अशी याचिका झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि याचिका फेटाळली. मुलांना काय दाखवायचे ते ठरवणाऱ्यांनी निदान एवढे तरी करावे.

सुरुवात मात्र ‘गर्म हवा’ने करावी. एम. एस. सथ्यूंच्या या चित्रपटात कापाकापी जवळजवळ नाहीच. आग्र्याचा बूट बनवणारा सलीम मिर्झा. बँक त्याला कर्ज देत नाही. भाड्याने घर शोधायला गेला, की नाव ऐकून नकार. म्हातारी आई तर हवेली सोडायची वेळ आली तेव्हा सरपणाच्या खोलीत लपून बसते. नावावरून घर नाकारणे हे मुंबई-पुण्याच्या मुलांना काही नवे नाही. इथे ती आपणहून बोलू लागतील.

वाचायला वीरा हिरानंदानींची ‘द नाइट डायरी’ द्यावी: मीरपूर खासहून जोधपूरकडे निघालेली बारा वर्षांची निशा आपल्या मेलेल्या आईला पत्रे लिहिते. आई मुसलमान, वडील हिंदू. मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा आठवीच्या तासाला सहज बसेल. ‘१९४७ अर्थ’ हा चित्रपट मात्र दहावीनंतर. आमिर खान आहे म्हणून मुले तो मोबाइलवर एकेकटी लावतील, आणि तेच टाळायला हवे. आठ वर्षांची लेनी विश्वासाने खरे बोलते आणि तिच्या लाडक्या आयाला जमाव ओढून नेतो. हे पाहताना मोठे माणूस शेजारी हवे. शिवाय यातल्या कशावरही गुणांचा प्रश्न काढू नये.

उल्हासनगर, पिंपरी, चेंबूरच्या शाळांना तर पुस्तकापलीकडचीही सोय आहे. तिथल्या निर्वासित छावण्यांत लहानपण काढलेली माणसे अजून आहेत. १९४७ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आता नव्वदीला टेकली. त्यांना वर्गात बोलवायचे असेल तर येत्या ऑगस्टलाच बोलवा.