सॅन फ्रान्सिस्कोची सहल आणि दुकानाचा फोन

आपल्या व्यापारी बांधवांत दोन प्रकारची माणसे आम्ही पाहत आलो आहोत. एक, जे दुकान सोडून कुटुंबासह कधी बाहेर पडतच नाहीत. दुसरे, जे पडतात ते टूर कंपनीला रक्कम मोजून बारा दिवसांत दहा शहरे उरकून येतात आणि परतल्यावर कोणते शहर कोणते हे त्यांना फोटो पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पंचवीस-तीस वर्षे आम्ही पहिल्या प्रकारात मोडत होतो. रमजान ईदचा हंगाम झाला की लग्नसराई, ती संपली की वसुली. दर वर्षी घरच्यांना ‘पुढच्या वर्षी’ असे सांगायचे. ही उधारी इतकी साचली की शेवटी ती एकरकमी फेडावी लागली. मे २०२४ च्या अखेरीस आम्ही, आमच्या घरातल्या, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे असे सहा जण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरी आठ दिवस राहून आलो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. इतक्या दूर जायचे तर शहर एकच घ्यावे, आखणी स्वतः करावी, निम्मे दिवस मोकळ्या हवेत घालवावेत. आणि सामानाच्या यादीत पहिले कलम कपड्यांचे नव्हे, दुकानाचे असावे. हे शेवटचे कलम आम्ही विसरलो होतो, त्याची हकीकत पुढे येईल.

आधी कपड्यांबद्दल, कारण तो आमचा धंदा आहे आणि तिथेच आम्ही तोंडघशी पडलो. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, अशी समजूत करून आम्ही सगळ्यांसाठी पातळ सुती कपडे भरले. घरी मालेगावात पारा बेचाळीसवर होता. तिथे उतरलो तर समुद्रावरून धुके लोटत येत होते आणि भर दुपारी मुले कुडकुडत होती. तिथला समुद्र बारमाही थंड असतो आणि आतली खोरी उन्हाळ्यात तापतात. तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा धुक्यासकट शहरात खेचली जाते. म्हणून जून-जुलैत दुपारीही तापमान वीस अंशांच्या आसपास राहते आणि खरी ऊब मिळते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. आमच्यासारखे अनाडी प्रवासी रोज किती येत असतील याचा अंदाज बंदराकाठच्या दुकानांवरून येतो. दर्शनी भागात जाड जाकिटांचे ढीग, प्रत्येकावर शहराचे नाव. आम्ही चिमटीत धरून पाहिले: पॉलिस्टरची फ्लीस, दोन्ही बाजूंनी ब्रश केलेली. लागत काय पडत असेल याचा हिशेब मनात झाला आणि तरीही सहा जाकिटे निमूट घेतली. वर चिठ्ठीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर जोडला जातो. गिऱ्हाईक थंडीने आपण होऊन आत येते, असे दुकान आम्हाला कुठे मिळायचे!

आता दुकानाच्या फोनची गोष्ट. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. म्हणजे तिथे रात्रीचे साडेनऊ वाजले की इथे सकाळचे दहा वाजतात आणि आपले शटर उघडते. पहिल्या रात्री मुनीमजींचा फोन आला, एका पार्टीने ग्रे कापडाचे तागे पन्ह्यात कमी भरले म्हणून परत पाठवले होते. आम्ही रात्री दीडपर्यंत बोलत बसलो. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. सकाळी मुले तयार होऊन बसायची आणि आम्ही अंथरुणात. दुपारी निघालो तर केबल कारची रांग इतकी मोठी की धाकटा नातू उभ्या उभ्या पेंगला. गेलेला वेळ भरून काढायला आम्ही तिसऱ्या दिवशी सात ठिकाणे घेतली. त्या चढउतारांच्या रस्त्यांवर आमच्या घरातल्यांचा गुडघा सुजला. रात्री त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही अजून दुकानातच आहात. आम्ही सहा नाही, पाच जण आलो आहोत.” याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

चौथ्या दिवसापासून आखणी बदलली. सकाळी एक ठिकाण, दुपारी विसावा, संध्याकाळी जमल्यास दुसरे. गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला. त्यावर पायी चालायला पैसे पडत नाहीत. टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन किलोमीटर भरतो, पण गुडघेवाल्यांनी पहिल्या मनोऱ्यापर्यंत जाऊन परतावे, नजारा तोच आहे. बंदराच्या एकोणचाळीस क्रमांकाच्या धक्क्यावर सी-लायन नावाचे थोराड जलचर लाकडी तराफ्यांवर पसरलेले असतात. ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपानंतर ते तिथे जमू लागले आणि धक्केवाल्यांनी जागा त्यांनाच सोडून दिली. नातवंडांनी तिथे दोन तास काढले, तेही फुकट. गोल्डन गेट पार्क हा हजार एकरांहून मोठा बगीचा एके काळी वाळूच्या टेकड्या होत्या, हे पाहूनही खरे वाटत नाही. आत गवे पाळलेले आहेत आणि एक मोठा रस्ता मोटारींना बंद आहे, तिथे मुलांना सायकल निर्धास्त देता येते. पश्चिमेच्या लांबलचक पुळणीवर मात्र जुहूच्या हिशेबाने पाण्यात शिरू नये. पाणी बर्फासारखे, ओढ जबरदस्त, काठावरून पाहावे.

मोटार शहरात घेऊच नये असे आमचे मत आहे. जागेचे भाडे जबर, उतार असे की चाके कडेच्या दगडाकडे वळवून गाडी लावावी लागते, आणि काचा फोडून सामान नेणाऱ्यांचा उपद्रव तिथे जुना आहे. बस, ट्राम व केबल कार मिळून एक, तीन किंवा सात दिवसांचा पास मिळतो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बस-ट्राममध्ये भाडे नाही, केबल कारमध्ये मात्र आहे. अल्कात्राझ बेटावर १९३४ ते १९६३ पर्यंत सरकारी तुरुंग होता. तिथल्या बोटीची तिकिटे निघण्यापूर्वी घरूनच काढावीत. आम्ही तिथे जाऊन विचारले आणि हात हलवत परतलो. हलाल जेवणाची चिंता नको. टेंडरलॉइन भागात पाकिस्तानी व येमेनी खानावळी आहेत. रस्त्यावर बेघर आणि नशेत पडलेली माणसे फार, म्हणून कुटुंबाला दिवसाउजेडी न्यावे.

एक गोष्ट कापडवाल्यांसाठी. लेव्ही स्ट्रॉस हा याच शहरातला घाऊक कापड व्यापारी. रेनो गावचा जेकब डेव्हिस नावाचा शिंपी त्याच्याकडून कापड नेई. मजुरांच्या पाटलोणींचे खिसे फाटतात म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले, पण पेटंटची फी भरायला पैसे नव्हते. त्याने आपल्या व्यापाऱ्याला पत्र घातले आणि २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट झाले. गिऱ्हाईक शिंप्याचे पत्र बाजूला न टाकता वाचणारे आपल्यात किती, हा विचार आम्ही त्या रस्त्यांवर बराच वेळ करत होतो. तिथली पहिली केबल कारही त्याच वर्षीची, १८७३ ची.

सातव्या दिवशी, एकाच दिवसापुरती गाडी घेऊन, पुलापलीकडच्या म्युअर वुड्स या जंगलात गेलो. तिथे गाडीच्या जागेचे आरक्षण २०१८ पासून सक्तीचे आहे, तेवढे मुलाने आधी करून ठेवले होते. रेडवूडची झाडे वीस-पंचवीस मजली इमारतीएवढी उंच, कित्येक पाच-सहाशे वर्षांची. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतो. ज्या धुक्याने आम्हाला जाकिटे घ्यायला लावली तेच पानांवर साठून ठिबकते आणि त्यावर ही झाडे कोरडे महिने काढतात. खालची वाट सपाट, फळ्यांची आहे. आमच्या घरातल्या न थांबता शेवटपर्यंत चालल्या.

त्या जंगलात मोबाइलला सिग्नल नसतो. हे आम्हाला आत गेल्यावर कळले. त्या दिवशी त्याच पार्टीशी शेवटचे बोलणे व्हायचे होते, ते रात्री करू असे मुनीमजींना सांगितलेले. पहिला तासभर आम्ही फोन हात वर करून धरत होतो. मग धाकट्या नातवाने तो मागून घेऊन दादीच्या पर्समध्ये टाकला. परतीच्या वाटेवर डोंगराच्या एका वळणावर गाडी बिघडली, दुसरी यायला रात्र झाली, आणि मुक्कामी पोहोचलो तेव्हा मालेगावात दुपारचे दोन वाजले होते. मुनीमजींचे सात कॉल आणि एक निरोप: पार्टीला दीड टक्का जादा वटाव देऊन माल तिच्याकडेच ठेवला. आम्ही एक टक्क्याच्या वर दिला नसता आणि तागे परत आले असते. ती पार्टी आजही आमच्याकडूनच माल उचलते, आणि अलीकडे ती आम्हाला फोन न करता थेट मुनीमजींनाच करते.