हाताला गुण, पण कशावरून?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत डॉक्टरची शिफारस ठरलेल्या शब्दांत होते: ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ कशावरून, असं विचारलं तर उत्तरही ठरलेलंच. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बघा, बसायला जागा मिळत नाही. शिवाय बरं वाटल्याचा अनुभव पदरी असतोच.

तो अनुभव खोटा नाही. पण साधी सर्दी, बहुतेक ताप आणि जुलाब काही दिवसांत आपापले ओसरतात. तेवढ्यात सुई टोचणारा, बाटली चढवणारा आणि ‘आराम करा, पाणी प्या’ एवढंच सांगणारा, तिघांनाही सारखंच यश येतं. गर्दी मात्र तिसऱ्याकडे होत नाही.

मग भिंतीवरची पदवी बघावी? पदवी हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. अर्थशास्त्रज्ञ जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत, ठरावीक लक्षणं सांगायला शिकवलेले बनावट रुग्ण दवाखान्यांत पाठवले. 2012 साली आलेल्या त्या पाहणीत, खेड्यांत उपचार करणाऱ्यांपैकी 67 टक्क्यांकडे वैद्यकीय पात्रताच नव्हती. खरा धक्का पुढेच होता. आवश्यक ते प्रश्न विचारण्यात आणि तपासणी करण्यात शिकलेले नि न शिकलेले यांच्यात फरक थोडाच निघाला.

2016 च्या त्यांच्या अभ्यासाने तर ‘सरकारी डॉक्टरला येत नाही’ हा समजही मोडला. तोच डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात जास्त वेळ देत होता, जास्त विचारत होता. ज्ञान तेच होतं, लक्ष कमी-जास्त होत होतं. अर्थात म्हणून खासगीचा जयजयकार करायलाही नको. नको ती औषधं दोन्हीकडे सर्रास लिहिली जात होती.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप असतो: रुग्णाला वैद्यकातलं काय कळतं? कोणतं प्रतिजैविक योग्य, हे त्याला कळत नाही, कबूल. पण आपल्याला काय विचारलं, हे नक्की कळतं. 2012 च्या त्या पाहणीत एक प्रसंग असा होता की मुलाला जुलाब होताहेत, मूल घरी आहे आणि पालक एकटाच आलाय. शौचात रक्त पडतं का? ताप आहे का? लघवी होते का? हे न विचारता थेट गोळ्या लिहिणाऱ्याला ओळखायला कुठलीही पदवी लागत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं, पेलाभर पाण्यात नाही, हे सांगितलं की नाही, तेही घरच्यांना कळतंच. बाहेर रांग ताटकळत असताना एवढं बोलायला वेळ कुठला, असं कोणी म्हणेल. पण मग त्या रांगेला गुणवत्तेचा दाखला तरी म्हणू नये.

नियम रुग्णाच्या बाजूने आहेत. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला हवा. दाखल झालेल्या रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती 72 तासांत द्यावी लागतात. तेव्हा पुढच्या खेपेला लष्करात काय किंवा ग्वाल्हेरच्याच मुरार भागात काय, दवाखान्यातून निघण्याआधी दोन गोष्टी विचारा: आजार काय आहे, आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं? या प्रश्नांवर चिडणाऱ्या डॉक्टरची शिफारस कोणाला करू नका.